तांबटाच्या भिंतीतली भेग

कोणे एके काळी म्हणतात ना, त्याच्याही आधीची ही गोष्ट. डोंगराला टेकून वसलेल्या एका गावात एक तांबट राहत होता. भांड्यावर टिचकी मारली, की नुसत्या आवाजावरून ते कुठे चिरलंय हे तो सांगायचा. पंचक्रोशीत त्याच्या कानाचं नाव होतं, आणि त्याला ते चांगलंच ठाऊक होतं बरं का!

त्याच्या बायकोला दमा होता. वैद्यांनी बजावलं होतं, "इथला हिवाळा हिला झेपायचा नाही. घाट बंद व्हायच्या आत हिला खाली सपाटीवर ने." घाट बंद व्हायला आठ दिवस उरले होते, आणि हे घर विकल्याशिवाय खाली दुसरं मिळणार नव्हतं. तांबटाच्या जिवाला घोर लागला.

घर घ्यायला एक कोष्टीण तयार झाली. पदरी दोन लहान मुली. पण डोंगराकडच्या भिंतीला बोटभर रुंद, ओलसर भेग होती. तांबटानं ती चुन्यानं गच्च बुजवली, वरून भिंत सारवली आणि बायकोची बाज तिथेच टेकवून ठेवली. आजारी बाईला ऊठ म्हणणार कोण?

गावची रीत अशी, की विकायचं घर आधी पाथरवटांच्या आंधळ्या आजीनं चाचपून बघायचं. मग तिनं विकणाऱ्याला तीनदा विचारायचं, "आणखी काही?" त्यानंतर घेणाऱ्यानं दुरुस्त्या सांगायच्या.

आजी आली, सोबत कोष्टीणही आली. तिनं खांबावरून हात फिरवला. "फणसाचा आहे. वाळवी लागली होती, पण तू वेळेवर तेल पाजलंस." मग तुळई चाचपली. "इथे पाळणा होता ना? दोरीचा काच अजून आहे."

तांबटाच्या अंगावर काटा आला. सगळं घर त्या म्हातारीशी बोलत होतं!

"आणखी काही?"

"नाही आजी."

"आणखी काही?"

"नाही म्हटलं ना."

कोष्टीण खुशीत म्हणाली, "ती बाजेची जागा चुलीजवळ आहे, उबेची. माझ्या पोरी तिथेच निजतील."

"आणखी काही?" आजीनं शेवटचं विचारलं.

तांबटाला वाटलं, खरं सांगावं तर व्यवहार फिसकटणार आणि बायकोचा श्वास इथेच अडकणार. गप्प बसावं तर त्या दोन पोरी भिंतीखाली निजणार. त्यानं डोळे मिटले.

"आहे आजी. मी भेग बुजवलीय. बाजेमागे."

"अगं बाई! म्हणजे मला आडोशाला ठेवलंत होय?" बायको धापा टाकत उठली.

बाज सरकवली. आजीनं भिंतीला कान लावला आणि तिचा चेहराच पालटला. "लेका, इकडे ये. तुझा तो नावाजलेला कान लाव इथे."

त्यानं कान लावला, आणि काय सांगू! आत डोंगर घुमत होता. मोठ्या हंड्यात पाणी उकळावं तसा खोल, न थांबणारा आवाज. तीस वर्षं तो या भिंतीशी पाठ लावून जेवला होता, आणि पाठीशी एवढं थोर काही आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. त्याचे डोळे भरून आले.

"झरा आहे," आजी हळूच म्हणाली. "भेगेतून झिरपत होता म्हणून भिंत टिकली. तू त्याची वाटच बंद केलीस. चार दिवसांत भिंत बाजेवर आली असती."

तांबट कोष्टिणीकडे वळला. "बाई, तुम्ही आता नको म्हणालात तरी माझी तक्रार नाही."

कोष्टिणीनंही भिंतीला कान लावला. मग म्हणाली, "दार कुरकुरतंय, कुरकुरू दे. चूल माझी मी लिंपीन. मला एकच दुरुस्ती हवी. या पाण्याला वाट करून द्या."

तांबटानं स्वतः भेग उघडली. गार, नितळ पाणी उसळून आलं, तशी सगळ्यांनी नकळत हात जोडले. पाथरवटांनी दगडी पन्हळ बसवून ते अंगणात काढलं. पाचव्या दिवशी घर कोष्टिणीचं झालं. आठव्या दिवशी तांबट बायकोला घेऊन घाट उतरला, आणि सपाटीवर पोचल्यावर तिनं किती तरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

म्हणून सांगतो, घर विकताना त्यातली भेग आपल्या तोंडानं सांगावी. झाकलेली भेग घेणाऱ्याच्या आधी आपल्याच माणसावर कोसळते.