उरकलं

"म्हणजे प्रायश्चित्त तुम्ही सांगणारच नाही, असंच ना बाबा?"

यशोधनच्या प्रश्नावर केशवगिरींनी मान वर केली नाही. स्मशानघाटाच्या वरच्या अंगाला त्यांची मठी होती. ओसरीवर बसून ते सुपातले तांदूळ निवडत होते.

"काय बोललास ते पुन्हा सांग."

"दोनदा सांगितलं."

"दोन्ही वेळा निराळं सांगितलंस."

यशोधन चपापला. आपण पश्चात्ताप घेऊन आलो आणि हा म्हातारा चोर धरल्यासारखी उलटतपासणी करतो आहे, हे त्याला आल्यापासून खुपत होतं.

घडलं होतं ते एवढंच. गावात ज्या घरी खांदा द्यायला माणूस नसेल तिथे जायचं, हा नेम 'सोबत' तरुण मंडळाने तीन वर्षं पाळला होता. दळवी गुरुजी वारले तेव्हाही मंडळाचेच तरुण गेले. घाटावरून परतताना यशोधनने मित्रांसाठी फोनवर निरोप बोलून पाठवला : 'गुरुजींचं उरकलं रे. सामना सापडतोय.' बोट चुकलं. निरोप मंडळाच्या ग्रुपवर न जाता गुरुजींच्या परगावच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पडला; अंत्यविधीच्या निरोपांसाठी त्यालाही तिथे घेतलं होतं. सर्वांत आधी तो ऐकला गुरुजींच्या मुलीने.

"आता आम्हाला कुणी बोलावत नाही," यशोधन म्हणाला. "मागच्या आठवड्यात एका घराने तालुक्याहून शववाहिनी मागवली, पण शेजारच्या आळीतल्या आम्हाला हाक मारली नाही. लोक म्हणतात, यांची सेवा म्हणजे नाटक."

"होतं का नाटक?"

"नाही!"

"मग 'उरकलं' कुठून आलं?"

"तोंडातून निघून गेलं."

केशवगिरींनी एक खडा उचलला, उजेडाकडे धरून पाहिला, आणि तो तांदूळच निघाल्याने परत सुपात टाकला.

"हे सगळं आजवर किती जणांना सांगितलंस?"

"दहाबारा जणांना सांगितलं असेल."

"प्रत्येकापाशी रडलास?"

यशोधनचे कान तापले. "रडू आलं, बाबा. आणलं नाही."

"आणि त्यांनी पाठीवर हात फिरवला."

"...हो."

"बरं वाटलं?"

याचं उत्तर यशोधनपाशी होतं. पण त्याने खिशातून चार पानी कागद काढला. "गुरुजींच्या मुलीला पत्र लिहिलं आहे. अजून दिलेलं नाही. तुम्ही ऐकाल का?"

"वाच."

यशोधनने घसा साफ केला. "'आदरणीय ताई, तो माझ्या आयुष्यातील सर्वांत काळा दिवस होता...'"

"कुणाच्या?"

यशोधन थांबला. ओळ त्याने डोळ्यांनी पुन्हा वाचली. पुढची ओळही वाचली. मग कागद घडीवर घडी करत इतका लहान केला की तो मुठीत मावला.

इतक्यात फाटक करकरलं. शिंपी आळीतल्या सगुणाबाई पदराने घाम पुसत पायऱ्या चढून आल्या.

"बाबा, आमच्या शेजारचा रंगनाथ गेला हो सकाळी. मागे ना बायको, ना मूल. तीन माणसं कशीबशी जमलीत. चौथा कुठे मिळतो का, म्हणून..."

त्यांची नजर यशोधनवर पडली. बोलणं तुटलं.

"हा तोच ना? उरकलंवाला?"

यशोधनने नमस्कारासाठी उचललेले हात अर्ध्यावरच राहिले.

"इथे काय करतोय? आता साधुपण घेतोय की काय?" त्यांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "आमच्या रंगनाथला सामन्याच्या आत पोचवायचं नाहीये, म्हणावं."

"सगुणाबाई," केशवगिरी म्हणाले, "निघायचं कधी?"

"तासाभरात. तिरडी बांधून झालीये." फाटकापाशी जाऊन त्या वळल्या. "दुसरा कुणी मिळाला तर बघा बाबा. नाहीच मिळाला, तर..."

वाक्य तिथेच सोडून त्या उतरून गेल्या.

खाली नदीकाठी कुणीतरी लाकडं रचत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"तुम्ही या ना, बाबा," यशोधन अखेर म्हणाला.

केशवगिरींनी उजवा हात उचलून दाखवला. तो छातीपर्यंत आला आणि थरथरत तिथेच थांबला.

"मग मंडळातल्या दुसऱ्या कुणाला पाठवतो."

"बोलतात का ते तुझ्याशी? ऊठ."

"तुम्हाला कळत कसं नाही!" यशोधनचा आवाज चढला. "सगुणाबाई काय म्हणाल्या ते ऐकलंत. आत्ता तिथे आळीतल्या बायाबापड्या, म्हातारेकोतारे जमले असतील. गुरुजींची मुलगी त्याच आळीत राहते, तीही असेल. मला पाहून कुणी तोंड फिरवील, कुणी सरळ हाकलून देईल. या गावाने माझ्यावर, मंडळावर पुन्हा विश्वास का ठेवावा? सांगा ना! कोणत्या तोंडाने जाऊ मी तिथे?"

केशवगिरींनी सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर डावा हात रेटत ते उठले. आपल्या अंगावरचं भगवं उपरणं काढून त्याची त्यांनी चौपदरी घडी केली आणि ती यशोधनच्या उजव्या खांद्यावर नीट बसवली.

"तोंडाने कशाला जातोस?" ते म्हणाले. "खांद्याने जा."