सगुणाबाईच्या ताटाचा वसा

ऐक अन्नमाते, तुझ्या ताटाची कहाणी. आटपाट नगरात सगुणाबाई नावाची आचारीण राहत असे. तिच्या जिलबीवाचून तिथं लग्न लागत नसे. दिवसभर कढईपाशी बसावं, दर घाणा चाखावा, अंग वाढत जावं. मग काय झालं? जिना चढता धाप लागू लागली, उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं. सून वत्सला तिला डाक्तरीणबाईंकडं घेऊन गेली. सोनोग्राफी झाली. डाक्तरीणबाई म्हणाल्या, “काकू, यकृतावर चरबी चढलीय.”

सगुणाबाई रागावली. “अहो, दारूच्या थेंबाला मी कधी शिवले नाही!”

“दारू न पिताही चढते. गोडानं, तळणानं, बसून राहण्यानं. आत्ता वळलात तर उतरेल. नाही वळलात, तर यकृत आक्रसत जाईल.”

“मग ह्याला वसा काय?”

“उपाशी राहू नये, उतावीळ होऊ नये. अर्धं ताट भाजी, पाव ताट उसळ-वरण, पाव ताट भाकरी. साखर नाही, तळण नाही. रोज चालावं. वर्षभर करावं.”

सगुणाबाईनं वसा घेतला. पहिल्या महिन्यात बहिणीकडं गेली. पुरणपोळी पुढं आली, मोह झाला, चार खाल्ल्या. घरी येऊन रडली. वत्सला म्हणाली, “आत्याबाई, दिवस मोडला, वसा नाही मोडला.” मग पुन्हा धरला. दुसऱ्या महिन्यात वजनाचा काटा हलेना. तरी धरला. तिसऱ्या महिन्यात मोठ्या घरचं लग्न आलं, पाचशे पान. बायका कुजबुजल्या, “चाखल्यावाचून जिलबी कशी साधायची?” सगुणाबाईनं पाक दोन बोटांत धरला, तार पाहिली, वास घेतला. म्हणाली, “चाळीस वर्षांचे हात आहेत हे. जिभेला विचारत नाहीत.”

पंगत उठली ती जिलबीचं नाव घेत. मग सगुणाबाई आपलं ताट घेऊन बसली. मेथी, मुगाची उसळ, ज्वारीची भाकरी. मान ताठ होती.

वर्ष सरलं. नऊ किलो उतरले. डाक्तरीणबाईंनी पडद्यावर पाहिलं, पुन्हा पाहिलं. “काकू, चरबी ओसरली! आणि एकही गोळी दिली नव्हती मी.”

“मी केलं हे,” सगुणाबाई म्हणाली. “माझ्या हातांनी.”

“आता वसा सोडणार?”

“उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही.”

जसं तिचं अंग हलकं झालं, तसं ऐकणारीचं होवो, सांगणारीचं होवो, घरोघरीच्या लेकीसुनांचं होवो. साठा उत्तरांची ही कहाणी पाचांत सांगितली, सुफळ झाली, पुरी झाली.