इटुकलीचा दाणा पडला खडीत

एक होतं टेबल. टेबलावर इवलंसं गाव. गावात इवलेसे रूळ. दत्तूआजोबांनी मांडलेले, खेळातल्या आगगाडीसाठी. रुळांखाली जुन्या चपलेचं रबर. रबरावर बारीक बारीक खडी. आता खडी ब्रशने झाडायची. मग पाणी फवारायचं. मग खडी चिकटायला डिंक सोडायचा. मग गाडी पळणार, झुक झुक!

तिथून निघाली इटुकली मुंगी. तुरुतुरु, तुरुतुरु. डोक्यावर साखरेचा दाणा. रुळावर पाय घसरला. टुप! दाणा पडला खडीत.

"अगं बाई! पाणी फवारलं की माझी साखर विरघळली! पिल्लं काय खातील? खडी?"

इटुकली म्हणाली, "खडीताई, खडीताई, दाणा दे!"

"ब्रशने झाडलं, तर देईन. नाहीतर बसलेय मी आरामात."

इटुकली गेली ब्रशकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ब्रशदादा, ब्रशदादा, खडी झाड! खडी दाणा देईना."

"आजोबांनी उचललं, तर झाडीन. एकटा कसा नाचू?"

इटुकली गेली आजोबांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आजोबा, आजोबा, ब्रश उचला! ब्रश खडी झाडेना, खडी दाणा देईना."

"आजीने चहा दिला, तर उचलीन. चहाशिवाय माझा हात चालत नाही बघ!"

इटुकली गेली आजीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आजी, आजी, चहा दे! आजोबा ब्रश उचलेनात, ब्रश खडी झाडेना, खडी दाणा देईना."

"गाळणी आली, तर देईन. चहा उकळतोय बुडबुड, आणि गाळणी कुठं गेली कोण जाणे!"

शूऽऽ! गाळणी आजोबांनीच पळवली होती. तिच्यातूनच वाळू चाळली, त्या वाळूचीच खडी केली. आजीला सांगू नका हं!

इटुकली गेली गाळणीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. गाळणी होती टेबलाजवळच्या स्टुलावर. आणि गाळणीवर बसला होता ढब्बू बोका.

"गाळणीबाई, गाळणीबाई, आजीकडे चल! आजी चहा देईना, आजोबा ब्रश उचलेनात, ब्रश खडी झाडेना, खडी दाणा देईना."

"बोका उठला, तर येईन. बसलाय मेला माझ्या डोक्यावर!"

इटुकली चढली बोक्याच्या कानाशी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बोकोबा, बोकोबा, उठा! गाळणी हलेना, आजी चहा देईना, आजोबा ब्रश उचलेनात, ब्रश खडी झाडेना, खडी दाणा देईना."

बोक्याने उघडला अर्धाच डोळा. "घुर्रर्र! कुणी चावलं, तर उठेन. आहे का कुणी चावणारं?"

इटुकलीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आणि लागली हसायला.

"अहो बोकोबा, मग मी कोण?"

कच्च!

"म्याऽऽव!" बोका उठला. गाळणी घरंगळली, टण टण टण! थेट आजीच्या पायाशी.

"हिच्यात वाळू? अहोऽऽ!"

आजीने गाळणी धुतली, घाईघाईत. चहा गाळला. आजोबा अर्धा कप प्यायले, फुर्रऽ फुर्रऽ. मग त्यांनी उचलली... पाण्याची बाटली!

"मेले! माझी साखर!" इटुकली ओरडली.

तेवढ्यात आजी म्हणाली, "अहो, आधी झाडा, मग भिजवा! मागच्या खेपेला खडी राहिली रुळावर, आणि गाडी पडली उताणी. विसरलात?"

"बरं बरं, बाईसाहेब!"

आजोबांनी ब्रश उचलला. ब्रशने खडी झाडली, खर्र खर्र. खडीने दाणा दिला. टुणकन!

इटुकली दाणा घेऊन पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु! मागे पाणी फुस्स फुस्स. डिंक टप टप. डिंक वाळला, की गाडी झुक झुक.

पिल्लांनी साखर खाल्ली, कुट कुट. आजोबांनी घेतला चहाचा शेवटचा घोट. कर्रर्र! दाताखाली काय आलं?

मुंगीला मिळाली साखर,
आजोबांना वाळू.
आजी बघतेय दारातून,
हसा बाळांनो, हळू!