खिशात मावेल एवढा मोठा कॅमेरा

हळदवाडी नावाच्या गावात हैबती नावाचा एक भोळा पुतण्या राहत होता. भोळे लोक त्या गावात आणखीही होते, पण ते निवडणुकीपुरते. हैबती बारमाही भोळा. त्याला सांगितलेलं समजत नसे असं नाही. उलट सांगितलं तेवढंच समजे, आणि एकदा समजलं की तो ते कधीही विसरत नसे. विसरला असता तर पुष्कळ लोकांचं भलं झालं असतं.

त्याचा सांभाळ करायचे त्याचे चुलते, नाना. नानांना मूलबाळ नव्हतं. काकी होत्या, हळदीचं रान होतं, आणि मिशी होती. मिशीचा थाट असा, की नाना पारावर यायच्या आधी ती यायची. लोक नानांना नमस्कार करायचे की मिशीला, हे नक्की सांगता येत नसे.

एकदा काय झालं, नानांचे जुने दोस्त श्रीपती वारले. नाना तेराव्याला जेवायला गेले. पाटावर श्रीपतींचा फोटो ठेवला होता, मतदानाच्या कार्डावरून मोठा केलेला. एक डोळा मिटलेला, दुसरा अर्धा उघडा, आणि कान सरकारी शिक्क्याखाली गेलेला. पंगतीतली पोरं फोटोकडे बघून खुसुखुसू हसत होती. नानांनी बुंदी पानातच ठेवली.

घरी येऊन ते काकींना म्हणाले, "जन्मभर देवमाणूस होता श्रीपती. आन् आता भिंतीवर कायमचा पाकीटमार करून टांगणार त्याला. माझं तसं होऊ द्यायचं न्हाय. पोरगं न्हाय, लेक न्हाय, माझ्या मागं राहील तो फोटोच. मरायच्या आत माझा मिशीसकट फोटो झाला पायजे."

तालुक्याला एक स्टुडिओ होता. पण तिथला माणूस सगळ्यांना गोरं करायचा आणि पाठीमागे काश्मीर लावायचा. नानांना काश्मीरला जायचं नव्हतं. त्यांना स्वतःच्या दारात, स्वतःच्या रंगात बसायचं होतं. म्हणून त्यांनी घरचाच कॅमेरा घ्यायचं ठरवलं. त्या दिवशी नानांना हळद घेऊन सांगलीला जायचं होतं, म्हणून कॅमेरा आणायला हैबतीला पाठवलं. हा निर्णय शुद्धीत घेतला होता, असं काकी आजही सांगतात.

नाना म्हणाले, "हैबती, माल वजनदार बघून घे. हलका माल टिकत न्हाय."

हैबती म्हणाला, "बरं नाना."

तालुक्याच्या दुकानात रमणशेठनी दोन कॅमेरे काचेवर ठेवले.

"हा छोटा. खिशात मावतो, बटण दाबलं की फोटो. आणि हा मोठा, डीएसएलआर. फोटो झकास येतो, पण जरा शिकावं लागतं. घाबरू नका, हा शिकाऊ लोकांसाठीच आहे."

"शिकाऊ कशाला? शिकलेला दाखवा की," हैबती म्हणाला. "मी त्याला काय शिकवणार?"

हैबतीनं दोन्ही कॅमेरे उचलले, शेजारच्या वाण्याकडे नेले आणि तराजूत टाकले. मोठ्याचं पारडं खाली गेलं. वाण्यानं विचारलं, "पिशवीत देऊ का?" हैबती म्हणाला, "माझाच हाय."

"मग मोठाच घेता?" रमणशेठ म्हणाले. "याची बॉडी वेगळी मिळते आणि लेन्स वेगळी. लेन्स म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा. नुसती बॉडी नेता, की डोळ्यासकट?"

हे नानांनी सांगितलं नव्हतं. हैबतीनं घरी फोन लावला. नाना सकाळीच सांगलीला गेलेले. फोन काकींनी उचलला.

"काकी, बॉडी मिळाली."

"कुणाची रं?"

"नानांची. चांगली वजनदार हाय. पण डोळा सुटा हाय म्हणत्यात. डोळ्यासकट आणू, का नुसती बॉडी आणू?"

तिकडून फोन खाली पडल्याचा आवाज आला. हैबतीनं थोडा वेळ वाट बघितली. काकी 'डोळा आण' म्हणाल्या नाहीत, म्हणून त्यानं नुसती बॉडी घेतली आणि एसटीत बसला.

संध्याकाळी नाना सांगलीहून आले तर दारात ही गर्दी. बांबू आलेले, मडकं आलेलं, काकींना चार बाया धरून बसलेल्या. नानांनी टोपी काढली आणि जवळच्या माणसाला हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

तो माणूस हुंदका देत म्हणाला, "तुम्ही."

नाना तसेच दोन मिनिटं उभे राहिले. गावात त्यांच्याविषयी काय चांगलं बोललं जात होतं ते ऐकून घेतलं, आणि मगच ओरडले. तेवढ्यात हैबती कॅमेऱ्याची बॉडी घेऊन दारात हजर झाला.

नानांनी त्याचा कान धरला. "गाढवा, घरी कळवताना आधी सांगायचं, सगळे खुशाल हायत. मग बाकीचं."

"बरं नाना," हैबती म्हणाला, आणि ते मनावर कोरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन त्यानं लेन्स आणली. रमणशेठनी बजावून सांगितलं होतं, "लेन्सला धूळ लागू देऊ नका. झाकण कायम लावून ठेवा." नानांनी फेटा बांधला, मिशीला तेल लावलं, कोट घातला आणि अंगणात खुर्चीवर बसले. वर टळटळीत ऊन. हैबतीनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच उभा राहिला.

बऱ्याच वेळानं नाना म्हणाले, "काय दिसतंय का?"

"अंधार हाय नाना."

"मग काय करतोयस?"

"उजाडायची वाट बघतोय."

नाना घामानं भिजले, फेट्याचा रंग कपाळावर उतरला, तेव्हा कुठं काकींचं झाकणाकडे लक्ष गेलं. नाना खवळले. "आरं, कुठल्याबी कामाला हात घालताना आधी झाकण काढायचं!"

"बरं नाना."

दुपारी काकी म्हणाल्या, "हैबती, दुधावर लक्ष ठेव आन् डालग्याखाली कोंबड्या हायत, त्याबी बघ." हैबतीनं आधी दुधाचं झाकण काढलं. मांजर वाटच बघत होतं. मग त्यानं डालगं उचललं. झाकून ठेवलेल्या कोंबड्या रानोमाळ झाल्या. एवढ्यावर थांबला असता तर तो हैबती कसला. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर चढून त्यानं तिचंही झाकण काढून ठेवलं, कारण कधीतरी तिथंही काम निघणारच होतं. चार दिवस गावाला पाण्यात कावळ्याची पिसं मिळाली.

सरपंच भांडून गेल्यावर नानांनी सगळा राग कॅमेऱ्यावर काढला. "हे धूडच नको मला. खिशात मावंल असा कॅमेरा पायजे. काय करायचं ते कर, पण संध्याकाळपर्यंत कॅमेरा खिशात गेला पायजे."

"बरं नाना."

हैबती उठला आणि थेट दत्तोबा शिंप्याकडे गेला. दत्तोबांनी माप घेतलं. हैबतीचं नव्हे, कॅमेऱ्याचं. संध्याकाळी हैबती घरी आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला छातीपासून गुडघ्यापर्यंत एकच खिसा होता, आणि खिशात कॅमेरा होता. पट्ट्यासकट बसला होता. वर बटणही लावून घेतलं होतं.

नानांनी डोक्याला हात लावला. आता मला विचाराल तर यात हैबतीची चूक मला तरी सापडत नाही. कॅमेऱ्यात काही खोट नव्हती, खिसाच बारका होता. मोठा घ्यावा की छोटा, या प्रश्नानं शहरातले शहाणे महिनोन् महिने झुरतात. हैबतीनं तो एका शिंप्याकडून सोडवून घेतला.

नानांनी हात टेकले. "असूं दे. हाच कॅमेरा. उद्या सकाळी काढ फोटो, आन् झाकण काढून काढ."

सकाळी परत फेटा, परत तेल, परत खुर्ची. हैबतीनं झाकण काढलं, बटण दाबलं. नानांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बघितलं. कोटाची बटणं झकास आली होती. गळ्याच्या वर काही नव्हतं.

"माझं मुंडकं कुठाय?"

"तुमच्यापाशीच हाय की नाना."

"आरं, लई जवळ उभा राहिलास! मागं सर. मी पुरा दिसलो पायजे. मी थांब म्हणत न्हाय तवर मागं सरायचं."

"बरं नाना."

हैबती डोळ्याला कॅमेरा लावून मागं सरू लागला. तुळशीच्या मागं गेला. बैलाच्या दावणीच्या मागं गेला. बैलानं बाजूला होऊन वाट दिली. दावणीच्या मागं उकिरडा होता, आणि रात्रीच्या पावसानं तो चांगला मुरला होता. नानांनी ते बघितलं. 'थांब' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण आतून हसू आलं. जन्मात कधी हसले नसतील इतके हसले. हैबती उलटा उकिरड्यात गेला आणि जाता जाता त्याचं बोट बटणावर पडलं.

कॅमेरा पुसून दोघांनी काचेत बघितलं. फोटोत नाना होते. पुरे होते, फेट्यापासून पायताणापर्यंत. अस्सल त्यांच्याच रंगात. तोंडभर हसत होते आणि मिशी दोन्ही बाजूंना उडायला निघाली होती. काकींनी पदरानं डोळे पुसले. "असं हसताना मी लग्नातबी बघितलं न्हवतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. शेणानं भरलेल्या हैबतीला नानांनी पोटाशी धरलं.

आता गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यात भाऊकीतले शिदूतात्या वारले. त्यांची लेक शेजारच्या गावात दिलेली. निरोप द्यायला नानांनी हैबतीला पिटाळलं. हैबतीला धडा पाठ होता. तो लेकीच्या दारात गेला आणि म्हणाला, "सगळे खुशाल हायत."

"तात्या?"

"खुशाल हायत."

चहा पिऊन निघताना तो म्हणाला, "जळण तेवढं ओलं मिळालंय." लेकीला वाटलं, चुलीचं बोलतोय. ती तिसऱ्या दिवशी निवांत आली, बापाला आवडतो म्हणून चिवडा घेऊन. राख सावडून झाली होती. तिनं फोडलेला टाहो ऐकून हैबतीलाही रडू आलं, कारण त्याच्या हिशेबानं त्यानं काहीच चुकीचं सांगितलं नव्हतं.

दहाव्याला भाऊकीतल्या सगळ्या पुरुषांना केस उतरवावे लागले. नाना सगळ्यांत वडील. त्यांची मिशी गेली. घरी आल्यावर ते सारखे ओठावर बोट फिरवायचे आणि बोट काढून घ्यायचे. पारावर गेले तर एकाही माणसानं त्यांना ओळखलं नाही. त्या दिवसापासून नाना घराबाहेर पडेनात.

एका संध्याकाळी त्यांनी हैबतीला जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता.

"हैबती, ह्या वयात मिशी परत तशी येतीय का न्हाय, देव जाणं. आन् आली तरी ती बघायला मी राहतो का न्हाय, त्येबी देव जाणं. आता माझी मिशी साऱ्या जगात एकाच जागी हाय. त्या फोटोत."

"व्हय नाना. रमणशेठ म्हणाले, कॅमेऱ्यात बारकं कार्ड असतंय, त्यात फोटो असतोय."

"तेच कार्ड घे. उद्या तालुक्याला जा आन् माझा फोटो धुऊन आण. इकडं तिकडं कुणाला देऊ नको. चांगला जाणता माणूस बघ, आन् समोर उभा राहून धुऊन घे."

नानांच्या वेळी फोटो धुवूनच मिळायचे. ते जुन्या बोलीत बोलले. हैबती म्हणाला, "बरं नाना."

दुसऱ्या दिवशी नाना सकाळपासून उंबऱ्यावर बसून होते. भिंतीला खिळा ठोकून झाला होता. काकींनी चौकट आणवून ठेवली होती, काच पुसून ठेवली होती. दिवस मावळायला आला तेव्हा हैबती आला. घामेजलेला, पण तोंडावर असा आनंद, की आयुष्यात प्रथमच एक काम नीट झालंय. त्यानं खिशातून वर्तमानपत्राची घडी काढून नानांच्या हातावर ठेवली.

नानांनी घडी उलगडली. आत काळ्या पापडासारखा एक करपलेला तुकडा होता.

"ह्ये काय हाय?"

"तुमचा फोटो, नाना."

"रमणशेठनं दिला ह्यो?"

"त्यांच्याकडं कशाला जाऊ? त्यांच्या पाटीवर 'धुणे' असं कुठंच न्हाय लिहिलेलं. लाँड्रीत गेलतो. तालुक्यात सगळ्यात जाणता माणूस. समोर उभा राहून दोन पाण्यांत धुऊन घेतला. मिशीला धक्का लावू नका, म्हणून बजावलंबी."

नानांचं बोट परत ओठावर गेलं. हैबतीनं त्यांचा हात धरला आणि मायेनं म्हणाला,

"आन् नाना, तुमच्या तोंडावर सुरकुत्या लई होत्या. म्हणून वरनं कडक इस्त्री मारून आणलीय."