नदीपलीकडचा सरडा

फार पूर्वी नदीने पात्र बदललं आणि माळावरच्या सरड्यांचं एकच कुळ दोन काठांना वाटलं गेलं. पिढ्या सरल्या. एका उन्हाळ्यात नदी आटली, तेव्हा पलीकडचा एक सरडा वाळू तुडवत आला आणि अलीकडच्या तांबू सरड्यापुढे मान डावी-उजवीकडे डोलवू लागला.

तांबूच्या काठावर सगळे मान वर-खाली करून रामराम करत. अशी डोलवली म्हणजे भांडणच! तांबू तडक अंगावर धावला. पाहुणा शेपटी तिथंच टाकून पळाला.

तांबूची म्हातारी आत्या वळवळत्या शेपटीकडे बघत राहिली. "अरे मेल्या, माझी पणजी अश्शीच मान डोलवून रामराम करायची. बदललो ते आपण."

तांबू काठावर धावला. दूरवर पाहुणा दिसत होता. तांबूने मान डोलवायला घेतली, पण काही केल्या ती वर-खालीच होत राहिली.