चेंडूवरचा शेंदूर

फायनल हरल्यापासून चिंचेच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा कप्तान आनंदराव खराडे याला घास गोड लागत नव्हता. बचाव चोख होता, तोवर एकही गोल होऊ दिला नव्हता. मग शेवटच्या मिनिटाला आपल्या संघातल्या हिंदुरावचा हात चेंडूला लागला म्हणून पंच दाभोळ्यांनी पेनल्टी दिलीच कशी? पाणी कुठंतरी मुरत होतं.

चौकशीच्या बैठकीत दाभोळे मिशीला पीळ देत बसले होते. हिंदुराववर वर्षाची बंदी घालाच, असा त्यांचा हेका.

आनंदराव अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाला, "साहेब, आमची पोरं तालमीतल्या मारुतीचा शेंदूर तळहाताला लावूनच मैदानात उतरत्यात. हात लागला असंल, तर चेंडूवर डाग उठला असंल की!"

"उठला होता की! चांगला केशरी पंजा!" दाभोळे गरजले. "मी स्वतः रुमालानं पुसला."

"हिंदुरावच्या भावकीत सुतक हाय, साहेब. त्यानं त्या दिवशी मारुतीला हात लावला न्हाई, उंबऱ्याबाहेरनंच नमस्कार केला."

दाभोळ्यांचा हात मिशीवरनं खाली आला.

आनंदरावानं आपला हात पुढं केला. "आता तेवढा तो रुमाल दाखवा."