सातबाऱ्यावरचा शेतकरी

शेतात राबतो तो शेतकरी, की कागदावर नाव असतं तो? तुम्हीच सांगा.

गयाबाईचं एकरभर रान उताराचं. दर पावसाळ्यात माती वाहून जाई आणि घरचं धान्य सहा महिनेही पुरत नसे. म्हणून माती धरून पीक कसं वाढवायचं ते शिकवणारं शिबिर भरणार असं कळताच ती गावातल्या वीस बायकांना घेऊन आदल्या दिवशीच नाव द्यायला पंचायतीत गेली.

शेती अधिकारी कुलथे साहेबांनी मानही वर केली नाही. "सातबारा कुणाच्या नावावर?"

"सासऱ्यांच्या. त्यांना वारून अकरा वर्षं झाली. रान मीच कसते."

"बाई, कागदावर नाव असेल तोच शेतकरी. त्यालाच पाठवा. उगीच गर्दी करू नका."

मागच्या बायकांचीही तीच गत. कुणाचा सासरा, कुणाचा आजेसासरा. गयाबाईच्या अंगाची लाही लाही झाली, पण आवाज चढला नाही.

"बरं साहेब. मग शिबिर स्मशानात भरवा. तुमचे सगळे शेतकरी तिथंच आहेत."

शेजारी बसलेल्या सरपंचांनाही हसू आवरेना. साहेबांचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिर गयाबाईच्या रानात भरलं आणि साहेबांनी एकवीस बायकांची नावं स्वतःच्या हातानं लिहून घेतली.